चाळीस सेकंद

५ सप्टेंबर

प्रिय ताई,

मुलांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात हे माझं पाकीट सारलंय. उघडताना नीट बघ, नाहीतर तुझ्या वर्गातलं एखादं कार्टं मोठ्याने वाचायला जाईल आणि माझी अब्रू थेट समुद्रापलीकडे पोचेल. फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'तुझा गुडघा कसा आहे' इथेच संपतं. म्हटलं, मुलं जर दर पंधरा दिवसांनी हाताने पत्रं लिहितायत, तर त्यांच्या बायांनी का लिहू नये?

आमचं 'जगनागरिक मंडळ' चाललंय. नाव आपल्या दोन शाळांची पत्रं जुळवणाऱ्या कार्यक्रमवाल्यांनी दिलंय, मुलं नुसतं 'जग' म्हणतात. "बाई, आज जग आहे का?" असं विचारतात तेव्हा मला हसू आवरत नाही. एकवीस मुलं आहेत. फळ्याच्या वर मी तीन प्रश्न रंगवून घेतलेत: कोणी सांगितलं? कोणी पाहिलं? कधी? काहीही ऐकलं की आधी हे तीन, मग आपलं मत. मोठ्या बाई (आमच्या मुख्याध्यापिका) परवा दारातून डोकावून म्हणाल्या, "हे परीक्षेला येणार आहे का?" एक मुलगी ताडकन म्हणाली, "बाई, हे परीक्षेनंतर येणार आहे." हिला सगळे वकीलीण म्हणतात. नववीत आहे, दोन वेण्या, आणि कुठल्याही वाक्याला 'पण' लावल्याशिवाय घास गिळत नाही.

गेल्या आठवड्यात मुलांनी धारवाल्या काकांची मुलाखत घेतली. निळ्या व्हॅनमध्ये धारेचं चाक बसवून गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरणारा माणूस. लढाईतून पळून आलेली जी माणसं जुन्या गोदामात राहतात, त्यांच्यातला. आपली भाषा मोडकीतोडकी बोलतो. मुलांनी त्याचं गाव, तिथली शाळा, तो कसा आला, सगळं वहीत उतरवलं. चाकाच्या ठिणग्या बघायला पहिलीतली पोरंही गोळा झाली होती.

आणि तुझ्या वर्गातल्या कॅमेरेवालीची फिल्म पोचली! मी तीनदा पाहिली, मुलांना अजून दाखवायची आहे. एकही संवाद नाही, तरी सगळं कळतं. गाडी तर थेट आमच्या धारवाल्या काकांसारखी! बाकी आठवी-नववीच्या एकशेबारा पालकांचा ग्रुप मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलाय. दिवसभर टुणटुण. डोकं उठतं.

तुझी छोटी

१२ सप्टेंबर

प्रिय छोटे,

पाकीट सुखरूप मिळालं, अब्रू शाबूत आहे.

'हे परीक्षेनंतर येणार आहे' हे मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. दोघं हसले, एकाने लिहून घेतलं. तुझ्या वकीलीणबाईला माझा नमस्कार सांग.

कॅमेरेवालीबद्दल थोडं सांगते. चौदा वर्षांची आहे. बोलताना अडखळते, म्हणून वर्गात तोंड उघडत नाही. कार्यक्रमाच्या पहिल्या दिवशी 'जगाला काय सांगावंसं वाटतं' असं विचारलं, तर तिने कागदावर लिहिलं, 'बोलायचं नसेल तर चालेल का?' मी शाळेचा कॅमेरा तिच्या हातात दिला. अनोळखी माणसाच्या गाडीत मुलांनी बसू नये, हा विषय तिचाच. गाडी आमच्या व्यायामाच्या सरांची, आणि तो भयंकर माणूसही तेच! बिचारे सहा दिवस सुट्टीच्या तासाला रस्त्यावर उभे राहून दुष्ट चेहरा करायचे.

एकच सांगते. फिल्म दाखवशील तेव्हा नऊच्या नऊ मिनिटं दाखव. शेवटी ती लहान मुलगी गाडीतून उतरते, सगळे हात धरून वाकतात, आणि सर हसतात. ते पाहिलं नाही तर मधला भाग फार खरा वाटतो. कॅमेरेवालीने मला बजावून सांगितलंय.

गुडघा बरा आहे. पालकांचा ग्रुप मुका करून ठेव, मी तसंच करते.

तुझी ताई

२१ सप्टेंबर

प्रिय ताई,

इथे फार वाईट झालं.

गेल्या गुरुवारी दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, धारवाल्याची गाडी बाजारामागच्या गल्लीत उभी होती. मागचं दार उघडून तो चाक चालवत होता. पहिलीतली एक मुलगी ठिणग्या बघत अगदी दाराशी उभी राहिली. तिची आई तिला शोधत आली, तिने निळी गाडी पाहिली, उघडं दार पाहिलं, हातात सुरी असलेला माणूस पाहिला, आणि किंचाळली. "हीच ती गाडी!" एवढंच म्हणाली म्हणे.

पुढचं मी पाहिलं नाही. वकीलीण आणि अजून तिघं तिथून घरी जात होती, त्यांनी पाहिलं. तीस-चाळीस माणसं धावली. त्यातले अर्धे आमच्या शाळेतले पालक. त्याला ओढून काढलं, गाडी उलटवली. तो आपल्या मोडक्या भाषेत "धार, धार" म्हणत होता आणि लोकांना वाटत होतं तो धमकी देतोय. ताई, वकीलीण मध्ये घुसली होती. "मी ओळखते यांना! यांची मुलाखत आमच्या वहीत आहे!" असं ओरडत होती. कुणीतरी तिला दंडाला धरून बाजूला केलं. धरणारा तिच्याच वर्गातल्या मुलाचा बाप.

तो दवाखान्यात आहे. उजवा हात मनगटापासून मोडलाय, दोन बोटं चाकाखाली सापडली. वाचेल म्हणतात. शाळा दोन दिवस बंद होती.

त्याआधी चार दिवस गावात कुठूनतरी आलेला एक व्हिडिओ फिरत होता. निळी गाडी, एक माणूस, एक मुलगी. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असं त्याखाली. कोणी सुरू केलं देव जाणे.

सोमवारी शाळा उघडली. मी वर्गात गेले. वकीलीण उभी राहिली. "बाई, ते फळ्यावरचे तीन प्रश्न. ते आपण या व्हिडिओला विचारायचे." मी म्हटलं, पोलीस बघतील. ती म्हणाली, "पोलीस मारणाऱ्यांना शोधतील. पण सांगणाऱ्यांना कोण शोधणार?" आता मुलांनी मागच्या भिंतीवर तपकिरी कागद लावलाय. प्रत्येकाने आपल्या घरी विचारायचं, तुम्हाला कोणी पाठवलं आणि किती वाजता. एकेका नावाचा चौकोन, आणि बाण उलटे, मागे मागे. मोठ्या बाईंनीही परवानगी दिली.

मुलांची पत्रं सोबत आहेत. माझं कशात लक्ष नाही.

छोटी

२९ सप्टेंबर

प्रिय छोटे,

तुझं पत्र वाचलं. त्या माणसाला आता कसं आहे ते कळव. पण हे पत्र घाईने लिहिण्याचं कारण वेगळं आहे.

वकीलीणीने तिच्या पत्रात त्या व्हिडिओतली चार दृश्यं पेन्सिलीने काढून पाठवली. 'तुमच्याकडेही हा फिरतोय का' असं विचारलं. पत्र पोचलं कॅमेरेवालीच्या हातात. तिने चित्रं पाहिली आणि बाकावरून उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "हे म-माझं आहे."

छोटे, तो तिच्या फिल्मचा तुकडा आहे. गाडी थांबते, सर हात करतात, मुलगी चढते, दार लागतं. तेवढाच.

आमच्याकडे हलकल्लोळ झालाय. फिल्ममध्ये लहान मुलं आहेत, त्यामुळे ती इंटरनेटवर टाकायची नाही हा कडक नियम होता. मुख्याध्यापकांनी सरळ निष्कर्ष काढला की कौतुक मिळावं म्हणून तिनेच कुठेतरी टाकली. तिला कार्यक्रमातून तूर्त काढलंय. १८ ऑक्टोबरला समितीसमोर तिची सुनावणी आहे. ठरलं तर शाळेतूनही काढतील. परक्या देशात एका माणसाचा हात गेला, हे आता तिच्या नावावर आहे.

मी तिला एकटीला घेऊन विचारलं. ती म्हणाली, मी कुठेही टाकली नाही, फक्त तुमच्या बहिणीला पाठवली. मी म्हटलं, "माझी बहीण असं करणार नाही. खरं सांग." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून नाही.

तुझ्या शाळेच्या संगणकावरून एखाद्या मुलाने घेतली असेल का? जरा बघ. तुमच्या भिंतीवरचे बाण कुठवर गेले?

ताई

६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

आपले पत्र मिळाले. वाचून वाईट वाटले. येथे सहामाही परीक्षा जवळ आल्याने सवड नाही. संगणकाची चौकशी करते. खोलीला कुलूप असते, पण किल्ली शिपायाकडेही असते, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

बाणांचे काम आता थांबवावे असे मला वाटते. मुलांच्या मनावर ताण येतो आहे. काही पालकांनीही नाराजी कळवली. त्या व्यक्तीची प्रकृती स्थिर आहे.

तुमच्याकडे हवा बदलली असेल. गुडघ्याची काळजी घ्यावी.

तुझी छोटी

११ ऑक्टोबर

छोटे,

सहाव्यांदा फोन केला, तू उचलत नाहीस. तुमच्या यांनी उचलला तर म्हणाले, झोपली आहे. दुपारी चार वाजता?

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. 'आपले पत्र मिळाले.' 'काळजी घ्यावी.' मला तू 'आपले' कधीपासून म्हणायला लागलीस? लहानपणी माझं पेन हरवलंस तेव्हा तू अशीच एकाएकी सभ्य झाली होतीस. आई म्हणाली होती, ही इतकी नीट बोलते म्हणजे काहीतरी मोडलंय.

आणि तो शिपाई. किल्ली त्याच्याकडेही असते, हे तू लिहिलंस. का लिहिलंस? त्याच्यावर कुणाचा संशय होता? मी एका मुलीला खोटं ठरवलं, आता तू एका शिपायाला पुढे करतेस. आपण दोघी काय चालवलंय हे?

मला सरळ उत्तर हवं. हो किंवा नाही. १८ तारखेला ती पोरगी सात मोठ्या माणसांसमोर उभी राहणार, जिच्या तोंडून स्वतःचं नाव धड निघत नाही. ती फिल्म तू कुणाला दिलीस?

ताई

१५ ऑक्टोबर

ताई,

हो.

सोबत वेगळ्या कागदावर माझं निवेदन आहे, सहीचं, शाळेच्या शिक्क्यासह. ते आधी तुझ्या मुख्याध्यापकांना दे, मग हे वाच. कार्यक्रमाच्या कचेरीतून ते तातडीच्या टपालाने धाडलंय, म्हणजे सतराला तुझ्या हातात पडेल.

अकरा सप्टेंबर, रविवार. सकाळी एका आईचा फोन आला की कुणीतरी अनोळखी माणसाने तिच्या मुलाला पत्ता विचारला. मग दुसरीचा. ग्रुपवर सुरू झालं की शाळा काय करते आहे. मला वाटलं, फिल्म दाखवावी, म्हणजे पालक घरी मुलांना समजावतील. नऊ मिनिटांची जाईना. मी मधली चाळीस सेकंदं कापली. खाली लिहिलं, 'पालकांनो, सावध. असं कुठेही घडू शकतं.' आणि पाठवली. कसली फिल्म, कोणी केली, एक ओळ लिहायची राहिली. मग घरी पाहुणे आले, फोन बाजूला राहिला, संध्याकाळपर्यंत मी तो पाहिलाच नाही. तोवर 'घडू शकतं'चं 'घडलं' झालं होतं, आणि 'कुठेही'चं 'आपल्या गावात'. तुझं 'नऊच्या नऊ मिनिटं दाखव' हे पत्र त्यानंतर आलं. ते वाचून मी कपाटात ठेवलं. तेव्हाही काही बोलले नाही.

गुरुवारी तो प्रकार झाला. शुक्रवारी सकाळी मी माझा मेसेज पुसला; तोवर तोच व्हिडिओ ग्रुपवर इतक्यांदा फिरून आला होता की पहिला कुणाचा, हे कुणाला आठवत नव्हतं.

मुलं काय करतील याचा अंदाज मला नव्हता. तीनशेच्या वर चौकोन झाले, भिंत पुरेना. बाण उलटे जाता जाता कमी होत गेले, चाळीस, अकरा, चार. तीन तारखेला शाळा सुटल्यावर वकीलीण थांबली. कागदाच्या डाव्या टोकाला एक चौकोन होता, नुसत्या रेघांचा.

"बाई, हा शेवटचा मी रिकामा ठेवलाय."

"का? सापडलं नाही?"

"सापडलं. आईनं त्या दिवशी मेसेजचा फोटो काढून ठेवला होता, मामाला पाठवायला." ती चप्पलेच्या अंगठ्याकडे बघत होती. "आईला मी काही सांगितलं नाही. कुणालाच नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

ताई, ती मला वाट काढून देत होती. चौदा वर्षांची पोर. आणि मी म्हटलं, "मग राहू दे रिकामा." म्हटलं मी! ती मान हलवून गेली. पुन्हा वर्गात तिने हात वर केला नाही. 'पण' म्हणाली नाही. दुसरी मुलं विचारायची, शेवटचं कोण गं, तर म्हणायची, सापडत नाही. मी शिकवत होते आणि ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. त्याच दिवसांत मी तुला ते 'आपले पत्र' लिहिलं.

बारा तारखेला माझ्या टेबलावर तिची चिठ्ठी होती. 'मला मंडळातून काढावे. मला ते प्रश्न आता विचारता येत नाहीत.' एवढंच.

तुझं तातडीचं पत्र काल आलं. ते आलं नसतं तर मी उठले असते का, मला ठाऊक नाही. आज पहिल्या तासाला मी खडू घेतला, आणि त्या चौकोनात माझं नाव लिहिलं. तपकिरी कागदावर खडू उमटेना, म्हणून पुन्हा पेनाने गिरवलं. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, चुकून लिहिलंत का?" मी म्हटलं, नाही. एक मुलगी रडायला लागली. वकीलीण खिडकीबाहेर बघत होती.

मग मोठ्या बाईंकडे गेले, मग पोलिसांकडे. त्यांनी जबाब घेतला.

मग दवाखान्यात. धारवाला खाटेवर बसला होता, हात छातीशी बांधलेला. त्याची बायको डाव्या हाताने त्याला भरवत होती, उजव्या हाताने धाकट्याला धरून. मी सगळं सांगितलं. हळूहळू, सोप्या शब्दांत. त्याला कळलं की नाही असं वाटत होतं. मग तो म्हणाला, "मुलं माझं गाव वहीत लिहीत होती. तुम्ही मागे उभ्या होता."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं, मी कोण."

मी हो म्हटलं. तो भिंतीकडे वळला. बायकोने मला काही सांगितलं, तिच्या भाषेत, आणि दाराकडे बोट केलं. मी माफी मागितली होती की नाही, हे बाहेर जिन्यावर आल्यावर मला आठवेना.

छोटी

२४ ऑक्टोबर

छोटे,

निवेदन सतराला दुपारी पोचलं. सुनावणी झाली, पण निराळी. मुख्याध्यापकांनी तुझा कागद मोठ्याने वाचला. समितीतल्या एका बाईंनी कॅमेरेवालीला विचारलं, तुला काही सांगायचंय का? तिने कागद आणला होता, तो न उघडता म्हणाली, "मी हे प-पहिल्या दिवशी सांगितलं होतं." वाक्य संपायला बराच वेळ लागला. सगळे थांबले. तिला कार्यक्रमात परत घेतलंय.

ती येत नाही. कॅमेरा तिने कपाटात ठेवून किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

मी तिची माफी मागितली, वर्गासमोर. 'कोणी पाहिलं' हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता, तुलाही विचारला नव्हता. माझी बहीण आहे, एवढ्यावर मी निकाल दिला. ती म्हणाली, ठीक आहे. ठीक नव्हतं हे दोघींनाही दिसत होतं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. उगाच गेला म्हणत नाही. पण तू लिहिलंस, ते वेळेवर लिहिलंस, आणि त्यामुळे एक पोरगी वाचली, हेही खरं. तुझी नोकरी राहील का? तुझ्या यांनी काय म्हटलं? मला सगळं लिही. आणि फोन उचल.

ताई

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नोकरी तूर्त आहे. वर्ग काढून घेतला, मंडळही. लेखी ताकीद मिळाली. पोलिसांच्या कागदात मारणाऱ्या नऊजणांबरोबर माझंही नाव आहे, पुढचं वकील सांगेल (खरा वकील). हे फारसं बोलत नाहीत, पण रोज मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला येतात. रस्त्यात काही लोक तोंड फिरवतात. काहीजण उलट जवळ येऊन म्हणतात, "बाई, तुमचा हेतू चांगला होता." ते जास्त लागतं.

पालकसभा झाली. मोठ्या बाईंनी नऊ मिनिटांची फिल्म पूर्ण दाखवली. शेवटी सर हसून वाकतात तिथपर्यंत. मग मुलांनी तो तपकिरी कागद स्टेजवर उलगडला, तिघांनी वर धरला, आणि पालकांना सांगितलं की ज्यांना आपला चौकोन बघायचा असेल त्यांनी पुढे यावं. एकशेबारातले सहाजण आले. सहा. त्यात ती किंचाळलेली आई होती. ती बराच वेळ कागदापुढे उभी होती. बाकीचे चपला शोधायला लागले.

धारवाल्याला घरी सोडलंय. बोटं गेली. गोदामाकडे मी दोनदा गेले, दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने उघडलं, दवाखान्याचे कागद माझ्या हातात दिले आणि आत गेली. अर्ज भरायचे होते, भाषा येत नाही. ते मी भरते आहे. माफ केलं असं तिने म्हटलं नाही आणि मीही तसं समजत नाही.

मंडळ आता विज्ञानाच्या बाई बघतात. वकीलीण परत आली. परवा ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. दोन वेण्या, हातात वही.

"बाई, उद्याच्या तासाला मंडळाला तुम्हाला प्रश्न विचारायचेत. मुलाखतीसारखे. याल का?"

मी म्हटलं, "येते."

"पण," ती म्हणाली. ताई, मी तो शब्द किती दिवसांनी ऐकला! "पण आम्ही सोपे विचारणार नाही."

काल तो तास झाला. मला पहिल्या बाकावर बसवलं, मुलं समोर अर्धगोलात. वकीलीणीने वही उघडली. तिच्याकडे वेळांचा तक्ता होता, तिच्या आईच्या फोनवरून उतरवलेला. पाठवला अकरा वाजून दहा मिनिटांनी. 'घडू शकतं'चं 'घडलं' झालं अकरा चोवीसला. 'आपल्या गावात' अकरा एकतीसला. 'निळी गाडी, बाहेरचा माणूस' अकरा पन्नासला.

तिने विचारलं, "बाई, या चाळीस मिनिटांत तुम्ही काय करत होतात?"

ताई, तुला मी लिहिलं होतं की घरी पाहुणे आले आणि फोन बाजूला राहिला. पोलिसांनाही तेच सांगितलं. निवेदनातही तेच आहे. पाहुणे आले होते, पण ते दुपारी दोनला.

एकवीस मुलं माझ्याकडे बघत होती. एकाने पेन तयार धरलं होतं.

मी म्हटलं, "वाचत होते."

"सगळे मेसेज?"

"सगळे. एक ओळ लिहिली असती तर थांबलं असतं. लिहायला घेतलीही होती. मग वाटलं, आता सांगितलं तर बाईच चुकल्या असं दिसेल. म्हणून पुसली आणि वाचत बसले."

वकीलीणीने ते शब्दन् शब्द वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का. मी बरोबर आहे म्हटलं.

उद्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दुरुस्त करून येणार आहे. तुझ्या मुख्याध्यापकांसाठी नवीन निवेदन सोबत जोडलंय. आणि त्याची एक प्रत कॅमेरेवालीच्या हातात दे, तिने वाचली नाही तरी चालेल.

छोटी